कुळागरातल्या घराचं नेटवर्क: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण फोंडा तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाजू आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. कुटुंबाची परवानगी घेऊनच लिहितोय. माझा सहभाग सल्ल्यापुरता होता, प्रत्यक्ष काम घरच्यांनी केलं. होमस्टे, घरून चालणारं काम, कॅमेरे आणि मुलांचा अभ्यास हे सगळं एकाच वायफायवर चालणारी घरं गोव्यात आता गावोगावी दिसतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर मांडतोय.

पार्श्वभूमी

चिऱ्यांचं जुनं घर, मध्ये राजांगण (आतलं चौकोनी अंगण), मागे पोफळी, मिरवेली आणि जायफळांचं कुळागर. घरात निवृत्त शिक्षक असलेले अण्णा, त्यांच्या पत्नी, सून आणि शाळेत जाणारी दोन मुलं. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे वर्षातले बरेच महिने तो समुद्रावरच असतो. कुळागर बघायला येणारे लोक मुक्कामाला जागा विचारू लागले, तेव्हा मागच्या पडवीला लागून दोन खोल्या बांधून होमस्टे सुरू झाला. तो सून एकहाती सांभाळते. बुकिंग, हिशेब, परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत सरकारकडे भरायचा त्याच्या मुक्कामाचा फॉर्म, सगळं तिच्याकडे. या फॉर्मसाठी पासपोर्ट स्कॅन करावे लागतात. त्या प्रती तिच्या लॅपटॉपवर, एका सामायिक फोल्डरमध्ये पडून असत.

नेटवर्क म्हणजे इंटरनेट कंपनीने फायबरबरोबर बसवलेला एकच डबा. फायबरचा सिग्नल घेणं, राउटर, वायफाय आणि अण्णांचा लँडलाइन फोन, सगळं त्याच्यातून. वायफायचं नाव एक, पासवर्ड एक, आणि तोच पासवर्ड खोल्यांमधल्या कार्डावर छापलेला.

त्याच नेटवर्कवर आणखी तीन वस्तू होत्या. हॉलमधला टीव्ही, कुळागरातला पंप फोनवरून चालू-बंद करणारा स्टार्टर, आणि चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर. सुपारी वाळत घालायच्या दिवसांत चोरीची भीती असते, म्हणून कॅमेरे बसवले होते. बोटीवरून मुलाला चित्र दिसावं असं ठरलं, तेव्हा कॅमेरे बसवणाऱ्याने कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर आयपी पत्ता (घराच्या जोडणीचा इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्यायला लावला आणि डीव्हीआरचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून त्याच्यात शिरायचं दार, बाहेरच्या जगासाठी उघडून दिलं. डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहिला. मुलाला चित्र दिसू लागलं, सगळे खूश झाले, आणि विषय तिथेच संपला.

अडचण कशी समोर आली

पहिली खूण साधी होती. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी हॉलमधल्या टीव्हीवर एकदम कुठलासा क्रिकेटचा व्हिडिओ सुरू झाला. खोलीतल्या पाहुण्याने आपल्या फोनवरून चुकून घरच्या टीव्हीवर पाठवला होता. त्याने माफी मागितली, सगळे हसले.

पुढच्याच आठवड्यात राहायला आलेल्या एका बाईंनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या कॅमेऱ्याचं लॉगिनचं पान माझ्या फोनवर उघडतंय. मी काही केलं नाही, पण दुसरा कोणी करेल." त्या याच क्षेत्रात काम करणाऱ्या असाव्यात. त्यानंतर इंटरनेट कंपनीचा ईमेल आला: तुमच्या जोडणीवरचं एखादं उपकरण बाधित दिसतंय, तपासा. सोबत सायबर स्वच्छता केंद्राचा दुवा. हे केंद्र सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था चालवते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते सुरू झालं, आणि बाधित उपकरणांची माहिती इंटरनेट कंपन्यांमार्फत ग्राहकापर्यंत पोचवणं हे त्याचं एक काम. अशा ईमेलना फसवणूक समजून पुसून टाकायची सवय असते. सुनेने ते पुसलं नाही, कंपनीच्या क्रमांकावर फोन करून खरं आहे का ते विचारलं. या प्रकरणातलं पहिलं चांगलं पाऊल ते.

तिने सगळी उपकरणं बंद करून पुन्हा सुरू केली. काही दिवस शांतता राहिली, मग दुसरा ईमेल आला.

हा क्रम ओळखीचा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे असेच ताब्यात घेतले होते. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या तो एकामागून एक वापरून बघायचा. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने एका मोठ्या डीएनएस सेवेवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांचा पत्ता सांगणाऱ्या सेवेवर, हल्ला केला आणि अनेक नामांकित संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. मिराई उपकरणाच्या फक्त मेमरीत राहतो. रीस्टार्ट केलं की जातो. पण पोर्ट उघडं आणि पासवर्ड तोच असेल, तर थोड्याच वेळात परत येतो. त्याचा सोर्स कोड सार्वजनिक झाल्यापासून तशाच जातीची कितीतरी मालवेअर निघाली आहेत.

पहिला निर्णय: आधी काय बंद करायचं

अण्णांचा पुतण्या तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. फर्मागुडीहून तो शनिवारी आला आणि त्याने डीव्हीआरची वीजच काढायला सांगितली. अण्णांना ते मान्य नव्हतं. "कॅमेरे बंद ठेवून सुपारी कोण राखणार?"

इथे एक गोष्ट लक्षात आली आणि वाद मिटला. कॅमेरे डीव्हीआरला थेट केबलने जोडलेले होते. चित्रण डीव्हीआरच्या आतल्या डिस्कवर होत होतं, त्यासाठी इंटरनेट लागतच नव्हतं. म्हणून फक्त नेटवर्कची केबल काढली. चित्रण चालू राहिलं, बोटीवरून दिसणं तेवढं थांबलं. त्याच दिवशी कंपनीच्या डब्यातलं उघडं पोर्ट बंद केलं, उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारी यूपीएनपी सोय बंद केली आणि वायफायचा पासवर्ड बदलला.

घराच्या पातळीवर हाच क्रम बरोबर वाटतो. नेमकं कोण दोषी ते शोधत बसण्यापेक्षा बाहेरून आत येणारी वाट आधी बंद करायची. वीज चालू ठेवल्याचा फायदा पुढे झाला, तो त्या जागी सांगतो.

पर्याय

पहिला पर्याय होता कंपनीचाच डबा नीट वापरायचा: पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू करायचं, पासवर्ड बदलायचे, बस. खर्च शून्य. पण त्या डब्यात टीव्ही, पंप आणि डीव्हीआर यांच्यासाठी तिसरा कप्पा करायची सोय नव्हती, आणि त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कधी अद्ययावत होतं हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता. असे डबे कंपन्या दुरूनही चालवतात. त्या सोयीसाठी ठेवलेल्या दाराला लक्ष्य करून नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत हल्ला झाला आणि सुमारे ९ लाख ग्राहकांच्या जोडण्या कोलमडल्या. तरीही सांगतो, ज्या घरात पाहुण्यांचं वायफाय वेगळं करणं एवढीच गरज आहे, तिथे हा पर्याय पुरेसा आहे. इथे गरज मोठी होती.

दुसरा पर्याय पुतण्याने आणला: ओपीएनसेन्स. छोट्या पंखारहित संगणकावर चालणारी ही फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभी आहे. पीएफसेन्स या तशाच फायरवॉलपासून फुटून तिची पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये आली. दर वर्षी जानेवारी आणि जुलैत नवी मोठी आवृत्ती, मधल्या काळात नियमित सुरक्षा दुरुस्त्या. नोंदी उत्तम, नियम वाचायला सोपे, घुसखोरी ओळखणारी यंत्रणा सोबत. त्याने कॉलेजात ती हाताळली होती आणि तिच्यावर त्याचं प्रेम बसलं होतं. मलाही ती आवडते.

तिसरा पर्याय ओपनडब्ल्यूआरटी. याची गोष्ट २००४ पासूनची. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे खुला करावा लागला, आणि त्यातून हा लिनक्सवरचा प्रकल्प उभा राहिला. २०१६ मध्ये तो फुटला, दोन्ही गट २०१८ मध्ये पुन्हा एकत्र आले. बाजारात मिळणाऱ्या साध्या राउटरवर कंपनीचं फर्मवेअर काढून हे घालता येतं, आणि राउटिंग, फायरवॉल, वायफाय तिन्ही एकाच डब्यात राहतात.

ओपनडब्ल्यूआरटी की ओपीएनसेन्स, यावर चर्चा बरीच रंगली. पुतण्याचा मुद्दा होता की सुरक्षाच हवी तर अर्धवट कशाला. मग आम्ही दोन्हींचा हिशेब मांडला. ओपीएनसेन्ससाठी छोटा संगणक, एकाच केबलवरचे वेगवेगळे कप्पे टॅगवरून ओळखणारा स्विच आणि वायफाय पसरवणारे वेगळे अॅक्सेस पॉइंट. फ्रीबीएसडीवर वायफायची बाजू लंगडी असल्यामुळे ते वेगळे लागणारच. म्हणजे तीन प्रकारच्या वस्तू, तीन ठिकाणची अद्यतनं आणि पावसाळ्यातल्या वीज-खंडात सांभाळायचा तीन जागचा पुरवठा. ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर बारा व्होल्टवर चालतो, आणि फायबरच्या डब्यासकट छोट्या डीसी यूपीएसवर काही तास निघतात.

पण निर्णय फिरला तो सुनेच्या एका प्रश्नावर. ती एवढा वेळ गप्प ऐकत होती. "अरे, तू जुलैत पुण्याला जाणार. मग हे बिघडलं तर बघायचं कोणी?"

पुतण्या म्हणाला, "वहिनी, मी तिकडून बघेन की."

"आणि इंटरनेटच गेलं असेल तर?"

माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय याच वाक्यावर झाला. घरची फायरवॉल किती ताकदीची हा दुसरा प्रश्न. ती रोज ज्याच्या हातात राहणार त्या माणसाला ती उघडता, वाचता आणि परत उभी करता येते का, हा पहिला. इथे ती व्यक्ती सून होती. म्हणून दोन्हींची पानं तिच्यासमोर उघडून ठेवली. ओपनडब्ल्यूआरटीचं लुसी हे वेब-पान तिने तासभर चाळलं आणि म्हणाली, हे मला जमेल. ओपीएनसेन्सच्या नोंदींची समृद्धी तिच्या कामाची नव्हती. त्या दिवशी ओपनडब्ल्यूआरटी ठरलं.

पाय-होल या नको ते पत्ते अडवणाऱ्या डीएनएस सर्व्हरचाही विषय निघाला होता. जाहिराती आणि माग काढणारे पत्ते अडवायला ते चांगलं आहे, पण पाहुण्याचा फोन डीव्हीआरपर्यंत पोचतो या अडचणीवर ते उत्तरच नाही. तो विषय लगेच बाजूला ठेवला.

केलेलं काम

राउटर घेताना एक पथ्य पाळलं, त्याने पैसे वाचले. एकाच नावाच्या राउटरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात आणि आतली चिप चक्क वेगळी असते. एका आवृत्तीवर ओपनडब्ल्यूआरटी चालतं, दुसरीवर नाही. सून फोंड्याच्या दुकानात गेली, खोका उघडायला लावला, राउटर उलटा करून तळाच्या स्टिकरवरची आवृत्ती पुतण्याला फोटो काढून पाठवली. त्याने प्रकल्पाच्या हार्डवेअर यादीशी ती ताडून पाहिली. पहिला जुळला नाही. दुसऱ्या दुकानातला जुळला. फर्मवेअरची फाइल उतरवल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) प्रकल्पाने दिलेल्या बेरजेशी जुळवली आणि मगच ती राउटरवर चढवली.

कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकायचा होता, म्हणजे तो फक्त फायबरचा सिग्नल पुढे देणार आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जोडणीचं, लॉगिन आपला राउटर करणार. इथे अण्णांनी अट घातली: लँडलाइन बंद पडता कामा नये. पावसात मोबाइलचा टॉवर गेला की गावात तोच एक आधार असतो. अट रास्त होती. फक्त इंटरनेटची जोडणी ब्रिजवर टाकायची आणि आवाजाच्या जोडणीला हात लावायचा नाही, असं कंपनीकडून लेखी मागितलं. त्याला वेळ लागला. तोवर नवा राउटर जुन्या डब्याच्या मागे लावून काम चालवलं.

घराचं नेटवर्क तीन कप्प्यांत विभागलं. घरच्यांचं १९२.१६८.१०, पाहुण्यांचं १९२.१६८.२०, यंत्रांचं १९२.१६८.३०. नियम मोजके. पाहुण्यांना फक्त इंटरनेट. यंत्रांना काहीच नाही, इंटरनेटही नाही. घरच्यांना इंटरनेट आणि यंत्रं दोन्ही. पंपाचा स्टार्टर त्याच्या कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतच नाही, म्हणून त्या एकाच उपकरणाला बाहेर जायची परवानगी देणारा नियम वेगळा लिहिला. टीव्ही यंत्रांच्या कप्प्यात गेला. घरच्यांच्या फोनवरून तो दिसावा म्हणून एमडीएनएसच्या हाका (उपकरणं एकमेकांना शोधायला मारतात त्या) या दोन कप्प्यांत एकमेकींकडे पोचवणारा अवाही नावाचा प्रोग्राम राउटरवर बसवला. पाहुण्यांचा कप्पा त्यातून मुद्दाम वगळला. आता कोणाचं क्रिकेट आरतीत येणार नाही.

पाहुण्यांच्या कप्प्यात पहिल्या दिवशी फोन जोडले जायचे पण पत्ता मिळायचा नाही. हे ठरलेलंच आहे. पाहुण्यांना राउटरपर्यंतही येऊ द्यायचं नाही असा नियम केला, की डीएचसीपी (फोनला पत्ता मागणारी) आणि डीएनएस या दोन विनंत्याही अडतात. त्यांच्यासाठी ६७ आणि ५३ ही पोर्टं वेगळी उघडावी लागतात. इंटरनेटवरचे बरेच मार्गदर्शक ही ओळ गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

डीव्हीआर यंत्रांच्या कप्प्यात जोडला तो क्षण सगळ्यांनी पाहिला. तीन आठवडे तो इन्व्हर्टरवर अखंड चालू होता, एकदाही रीस्टार्ट झाला नव्हता. केबल लावली आणि फायरवॉलच्या नोंदीत ओळींवर ओळी पडू लागल्या. डीव्हीआर अनोळखी पत्त्यांच्या २३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे टेलनेट या दुरून लॉगिन करायच्या जुन्या दारावर, सारखा धडका देत होता आणि प्रत्येक धडक नियमावर अडत होती. अण्णा चष्मा लावून पडद्यापाशी उभे राहिले आणि विचारलं, "हे सगळं आपल्या घरातून चाललं होतं?" मग डीव्हीआर रीस्टार्ट केला. नोंद शांत झाली आणि शांतच राहिली, कारण परत आत यायला आता वाट नव्हती. पासवर्ड बदलला. फर्मवेअरचं नवं अद्यतन शोधलं, त्या मॉडेलसाठी ते उपलब्धच नव्हतं. तेव्हा ठरलं की हे यंत्र कायम अविश्वासू समजूनच वापरायचं.

इंटरनेट तोडल्यावर डीव्हीआरचं घड्याळ मागेपुढे होणार होतं, आणि चोरीच्या चित्रणावर वेळ चुकीची असली तर ते पोलिसांना दाखवून काय उपयोग. म्हणून राउटरलाच घरचा एनटीपी सर्व्हर, म्हणजे वेळ सांगणारा, केलं आणि डीव्हीआरला वेळ तिथून घ्यायला सांगितलं.

मुलाला बोटीवरून कॅमेरे दिसावेत ही मूळ गरज होतीच. त्यासाठी वायरगार्ड वापरलं. हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद बोगदा, २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत कर्नलमध्येच (गाभ्यातच) सामील झालं. ओळखीची किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. स्थिर आयपी पत्ता होता, तो इथे कामाला आला. फोनसाठीची जुळणी क्यूआर कोडवरून होते. पुतण्या तो व्हॉट्सअॅपवर पाठवणार होता. मी अडवलं, कारण त्या कोडात खाजगी किल्ली असते. मुलगा सुट्टीवर येईपर्यंत थांबलो आणि त्याने तो घरीच, पडद्यावरून स्कॅन केला.

चिऱ्यांच्या जाड भिंतींतून वायफाय मागच्या खोल्यांपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून राजांगणापलीकडे दुसरा अॅक्सेस पॉइंट लागला. तिथवर तांब्याची केबल टाकण्याऐवजी फायबर टाकलं, दोन्ही टोकांना फायबर आणि साधी केबल जोडणारे मीडिया कन्व्हर्टर. विजेच्या कडकडाटात तांब्याच्या लांब केबलमधून उपकरणं जळतात, काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

परिणाम

कंपनीचे ईमेल थांबले. पाहुण्याच्या फोनवरून आता ना टीव्ही दिसतो, ना प्रिंटर, ना कॅमेरा. पासपोर्टच्या प्रती असलेला लॅपटॉप त्यांच्या कप्प्यातच नाही. बोटीवरून कॅमेरे बघणं मात्र नेहमी जमत नाही. वायरगार्ड यूडीपी या प्रकारच्या वाहतुकीवर चालतं आणि बोटीवरच्या उपग्रह जोडणीत ते कधी कधी अडवलेलं असतं. बंदरात उतरल्यावर दिसतं. मुलाने ते मान्य केलं आहे.

खरी कसोटी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, लागली. मुंबई, बेळगाव, सावंतवाडीहून सगळा गोतावळा मूळ घरी जमला. माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायच्या गडबडीत जो तो पासवर्ड विचारू लागला. सुनेने सगळ्यांना पाहुण्यांचं वायफाय दिलं आणि एक आते नाराज झाली. "आम्ही या घरात पाहुणे?" हा प्रश्न कुठल्याही फायरवॉलच्या पुस्तकात सापडत नाही, पण असे बेत याच्यावर मोडतात. घरच्या वायफायचा पासवर्ड एकदा चाळीस फोनांत गेला की तो पुन्हा खोल्यांच्या कार्डावरच छापल्यासारखा. सुनेने त्याच रात्री लुसी उघडून पाहुण्यांच्या वायफायचं नाव बदललं आणि 'राजांगण' ठेवलं. नियम तेच, कप्पा तोच. आतेने दुसऱ्या दिवशी तिथूनच अमेरिकेतल्या लेकीला आरती दाखवली.

मग ऑक्टोबरअखेर परतीच्या पावसात गडगडाट होऊन रात्रभर वीज गेली. यूपीएस उतरला. सकाळी वीज आली, वायफायच्या रेषा पूर्ण, पण एकही पान उघडेना. खोल्यांत पाहुणे होते. पुतण्या पुण्यात कामावर होता.

सुनेकडे आम्ही लिहून दिलेलं एक पान होतं, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. त्याप्रमाणे ती गेली. फायबरच्या डब्यावरचा दिवा स्थिर हिरवा. लुसी उघडतंय. बाहेरचा पत्ता मिळालाय. निदानाच्या पानावरून आकड्यांच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, उत्तर आलं. नावाच्या पत्त्याला केलं, आलं नाही. म्हणजे जोडणी चालू आहे आणि नावं उलगडत नाहीत, इथपर्यंत ती एकटी पोचली. तेव्हा तिने मोबाइलवरून पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, राउटर वेळ काय दाखवतोय?" सप्टेंबर दाखवत होता.

बहुतेक घरगुती राउटरांत वेळ राखणारी बॅटरी नसते. वीज गेली की ओपनडब्ल्यूआरटी आपल्या फाइलींतली सगळ्यात अलीकडची तारीख धरून चालू होतं आणि मग एनटीपीवरून खरी वेळ घेतं. इथे शेवटचा बदल चवथीच्या दिवसांत झाला होता. आणि आम्ही डीएनएसच्या चौकशा टीएलएसच्या, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशा, आवरणातून पाठवत होतो. त्यासाठी सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जातं. मधल्या काळात ते नव्याने जारी झालं होतं, त्यामुळे सप्टेंबरात अडकलेल्या राउटरच्या लेखी ते अजून लागूच झालेलं नव्हतं. प्रमाणपत्र नाकारलं म्हणून नावं उलगडेनात, नावं उलगडेनात म्हणून एनटीपीचा सर्व्हर सापडेना, आणि तो सापडेना म्हणून वेळ दुरुस्त होईना.

लुसीच्या सिस्टिमच्या पानावर राउटरची वेळ ब्राउझरच्या वेळेशी जुळवणारं बटण आहे. तिने ते दाबलं. मिनिटाभरात खोल्यांतून फोन वाजायला लागले. पुढे कायमचा उपाय केला: एनटीपी सर्व्हरांच्या नावांपुरती चौकशी साध्या, आवरण नसलेल्या डीएनएसने करायची, बाकी सगळी आवरणातून. त्यानंतर मुद्दाम यूपीएस काढून, घड्याळ मागे टाकून दोनदा तपासलं.

वेगळं काय करता आलं असतं

डीएनएसचं आवरण. त्याला कोणाचा विरोध नव्हता म्हणून ते यादीत आलं. या घराची अडचण आतली होती: पाहुणे, डीव्हीआर, उघडं पोर्ट. नावांची चौकशी वाटेत कोणी वाचतं का, हा त्यांचा प्रश्न कधीच नव्हता. ते काढा असं मी म्हणणार नाही, खाजगीपणा राखावा. पण वीज वारंवार जाणाऱ्या गावात ते लावताना राउटर थंड अवस्थेतून उठतो तेव्हा काय होतं, ही चाचणी त्याच दिवशी करायला हवी. तासाभराचं काम आहे.

पासपोर्टच्या प्रती. नेटवर्क विभागण्यावर एवढा जीव टाकला, आणि फॉर्म भरून झाल्यावर त्या प्रती ठेवायच्याच का, हा प्रश्न चवथीनंतर निघाला. तो पहिल्या शनिवारी निघायला हवा होता. जुन्या प्रती आता पुसल्या आहेत. सामायिक फोल्डर बंद केला आहे.

ब्रिज मोड. कंपनीकडून लेखी घेण्यात आणि पाठपुराव्यात सुनेचा बराच वेळ गेला. राउटर जुन्या डब्याच्या मागे असतानाही तिन्ही कप्पे नीट चालत होते. वायरगार्डसाठी डब्यातून एक पोर्ट पुढे ढकललं असतं तरी भागलं असतं. अशाच घराला मी आज सांगताना ब्रिजची घाई करू नका म्हणेन. पुतण्याचं मत अजूनही उलटं आहे: दोनदा होणारं पत्तांतर (आधी आपल्या राउटरमध्ये, मग कंपनीच्या डब्यात होणारी पत्त्यांची अदलाबदल) पुढे कधीतरी त्रास देतंच. कंपनीच्या डब्यात काय बदल होतात ते आपल्याला दिसत नाही, हा त्याचा मुद्दा मलाही खोडता येत नाही.

अद्यतनांचं वेळापत्रक चांगलं जमलं आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सून लुसीत नवी दुरुस्ती आली आहे का बघते. आली असेल तर आधी जुळणीची प्रत काढून घेते आणि मग चढवते. मोठी आवृत्ती मात्र दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात, पुतण्या घरी असताना.

दोन कामं बाकी आहेत. हे सगळं सध्या एकट्या सुनेला येतं. नववीतली थोरली मुलगी आता कपाटावरचं पान घेऊन आईबरोबर बसते. आणि सुपारीचा हंगाम यायच्या आत डीव्हीआर बदलायचा आहे. नव्यासाठी त्यांनी तीन अटी लिहून काढल्या आहेत: इंटरनेटशिवाय पूर्ण चालला पाहिजे, वेळ घरच्या राउटरकडून घेता आली पाहिजे, आणि पहिल्यांदा सुरू करताना त्याने स्वतःच पासवर्ड बदलायला भाग पाडलं पाहिजे. कॅमेरे बसवणारा पोर्ट उघडायला निघाला तर त्याला तिथेच थांबवायचं, हे अण्णांनी स्वतःकडे घेतलं आहे.